पाथरीवरून जाणाऱ्या विमानाशी कोण बोलतं?

पाथरीत रात्री गच्चीवर निजलं की लुकलुकणारं विमान दिसतं. गावाला विमानतळ नाही, तरी त्या विमानाशी जमिनीवरचं कुणीतरी संपर्कात असतं. इथलं आकाश मुंबई हवाई माहिती क्षेत्रात येतं.

या क्षेत्रात विमानांना जमिनीवरून तीन सेवा मिळतात. नियंत्रण सेवा विमानांमधलं अंतर राखते. धावपट्टीपाशी टॉवर, चढता-उतरताना ॲप्रोच, मधल्या वाटेत एरिया कंट्रोल. वरखाली अंतर साधारण १,००० फूट. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर एक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली आलं, समोरच्याला धडकलं. ३४९ माणसं गेली.

माहिती सेवा हवामान, धावपट्टीची स्थिती कळवते, निर्णय वैमानिकाचा.

आणि जिवाची सेवा म्हणजे सावधगिरीची: विमान ठरल्या वेळी बोललं नाही, की शोध-बचाव केंद्राला खबर जाते.