घाटाआडची चित्रलहर

दूरच्या केंद्रावरून निघालेले दूरचित्रवाणीचे चित्र घरच्या छपरावर साधा अँटेना उभारून पकडता येईल काय, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात अनेक जण विचारतात. प्रश्न एकच असला तरी त्याचे उत्तर बुलढाण्यात एक आणि मलकापुरात दुसरे आहे. असे का, हे समजून घेण्यासाठी लहरींचे शास्त्र थोडे पाहावे लागेल आणि आपल्या जिल्ह्याचा भूगोलही पाहावा लागेल.

प्रथम एक कोडे मांडतो. दूरदर्शनची विनामूल्य डिश आज अनेकांच्या छपरावर आहे. तिच्या ताटलीत पडणारी लहर विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहाकडून येते. उलट म्हैसमाळचे पठार मलकापूरपासून सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटरच आहे. म्हैसमाळला मनोरा आहे. तरी छत्तीस हजार किलोमीटरांवरची लहर मलकापुरात बिनदिक्कत उतरते आणि एकशेचाळीस किलोमीटरांवरची उतरत नाही. यात चमत्कार काही नाही. लहरीला अंतराची भीती थोडी आणि आडोशाची फार. उपग्रह आपल्या जिल्ह्यातून आग्नेयेच्या बाजूला, क्षितिजापासून जवळजवळ ५९ अंश वर आहे. त्याच्या आणि आपल्या मध्ये घाट येत नाही, डोंगर येत नाही. म्हैसमाळच्या लहरीला मात्र जमिनीवरून वाट काढीत यावे लागते.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आपण बोलण्यातच करून ठेवले आहेत: घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. राजूरचा किंवा बोथ्याचा घाट उतरताना प्रवाशाला जो उतार जाणवतो, तोच उतार लहरीच्या वाटेत भिंत होऊन उभा राहतो.

दूरचित्रवाणीच्या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या आहेत. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, आणि प्रकाशाप्रमाणेच त्या बहुतांशी सरळ जातात. मध्यम लहरींवरची आकाशवाणी रात्री शेकडो किलोमीटरांवरून ऐकू येते, कारण त्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरावरून परत खाली वळतात. चित्राच्या लहरी फार आखूड. त्या हा थर भेदून निघून जातात, परत येत नाहीत. म्हणून मनोऱ्याचे टोक जिथवर ‘दिसते’ तिथवर चित्र, असा ढोबळ नियम पडला आहे.

परंतु पृथ्वी गोल आहे. मनोरा किती दूरवरून दिसेल, हे त्याच्या उंचीवर ठरते. त्याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येण्याजोगा आहे. दोन्ही टोकांची उंची मीटरमध्ये घ्यावी, प्रत्येकीचे वर्गमूळ काढावे, त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे किलोमीटरमधील मर्यादा. हवेच्या थरांमुळे लहर जमिनीकडे किंचित वाकते, ती सवलत या ४.१२ मध्ये धरलेली आहे.

आता हा हिशेब आपल्या गावाला लावून पाहू. म्हैसमाळची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर आणि बुलढाणा शहराची सुमारे ६५० मीटर. मधला भोकरदनकडचा मुलूख ६०० मीटर धरला, तर म्हैसमाळ त्याच्यावर ४६७ मीटर, आणि आपले छप्पर दहा मीटर उंच धरून आपण ६० मीटर वर ठरतो. दोन्ही वर्गमुळांची बेरीज सुमारे २९.४ आणि तिला ४.१२ ने गुणले असता १२१ किलोमीटर होतात. प्रत्यक्ष अंतर सुमारे ११५ किलोमीटर. म्हणजे बुलढाणा अगदी काठावर बसते! मनोऱ्याची स्वतःची उंची धरली तर थोडी सवलत आणखी मिळते, आणि वाटेत एखादी टेकडी सहाशे मीटरांहून वर आली तर ती सवलत निघूनही जाते. गावातल्या उंच टेकाडावरचे घर आणि खोलगट आळीतले घर यांत फरक पडतो तो यामुळेच. देऊळगावराजा तर म्हैसमाळपासून नव्वद किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे अधिक सुदैवी.

घाटाखाली हाच हिशेब कोलमडतो. खामगाव सुमारे १६० किलोमीटरांवर आहेच, शिवाय ते घाटाच्या सावलीत आहे. लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहिले तर चहूकडचा मुलूख दिसतो आणि तळाशी सरोवराजवळ उतरले तर विवराच्या भिंतीपलीकडचे काही दिसत नाही. तशीच ही गोष्ट. डोंगराच्या धारेवरून लहर थोडी खाली वाकते खरी, परंतु लहर जितकी आखूड तितके हे वाकणे कमी, आणि डिजिटल प्रक्षेपणाच्या लहरी जुन्या प्रक्षेपणाच्या लहरींहून बहुधा आखूडच असतात.

उंचीचे महत्त्व किती, हे इतिहासातही दिसते. लाहोरला दूरचित्रवाणी १९६४ साली सुरू झाली, अमृतसरला १९७३ साली. मध्ये सपाट पंजाब आणि अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. तेव्हा अमृतसरच्या छपरांवरून लाहोरचे कार्यक्रम खुशाल पाहिले जात. श्रीलंकेने १९८२ साली ‘रूपवाहिनी’ सुरू केली आणि पिदुरुतालागाला या २,५२४ मीटर उंचीच्या आपल्या सर्वोच्च शिखरावर प्रक्षेपण नेले. समुद्रापलीकडे तमिळनाडूच्या दक्षिण भागात लोकांनी उंच नळांवर अँटेने चढवून ते चित्र पाहिले. राष्ट्रांच्या सीमा लहरीला ठाऊक नसतात, तिला डोंगरच ठाऊक.

आपल्याकडे दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. पुढे १९८४ च्या सुमारास देशभर लहान शक्तीची सहप्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत छपरावर ॲल्युमिनियमचे सांगाडे दिसू लागले. त्या काळी गच्चीवर एक जण अँटेना फिरवी, आणि दुसरा खालून “आले, आले, गेले” असे ओरडे. ते प्रक्षेपण आता राहिलेले नाही. दूरदर्शनने आपली जुन्या पद्धतीची बहुतेक सर्व केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली. तत्पूर्वी २०१६ साली सोळा शहरांत हवेतून डिजिटल प्रक्षेपण सुरू करण्यात आले. महाराष्ट्रातील मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, ही दोन शहरे त्यांत होती.

या नव्या पद्धतीचा स्वभाव जुन्याहून अगदी भिन्न आहे. जुन्या पद्धतीत लहर दुबळी झाली की चित्रावर मुंग्या येत, पण माणूस ओळखू येई. डिजिटल पद्धतीत चित्र एकतर स्वच्छ असते, नाहीतर मुळीच नसते. याचे कारण व्यापाऱ्याच्या खतावणीत सापडेल. आडव्या ओळींच्या आणि उभ्या रकान्यांच्या बेरजा लिहिलेल्या असल्या, तर शाई सांडून एखादा आकडा पुसला गेला तरी मुनीम तो बेरजांवरून परत काढतो, आणि वही पहिल्यासारखी होते. परंतु निम्मे पान भिजले तर बेरजाही उपयोगी पडत नाहीत. डिजिटल लहरीत चित्र आकड्यांच्या रूपाने येते आणि सोबत अशाच पडताळ्याच्या बेरजा येतात. दोष ठरावीक मर्यादेत असेपर्यंत ग्राहक यंत्र ते सारे दुरुस्त करते. मर्यादा ओलांडली की पडदा एकदम काळा. म्हणून दूरच्या डिजिटल केंद्रासाठी धडपडणाऱ्याने ध्यानात ठेवावे की, ‘काहीच दिसत नाही’ याचा अर्थ ‘काहीच येत नाही’ असा नव्हे. कदाचित चिमूटभरच कमी पडत असेल, आणि अँटेना हातभर वर नेल्यास पुरे चित्र उमटेल.

दुसरा गुण प्रतिध्वनीचा. डोंगरावर आपटून उशिरा आलेली लहर जुन्या चित्रात भुतासारखी दुसरी आकृती उमटवी. डिजिटल प्रक्षेपणात मजकूर हजारो उपलहरींवर वाटून दिलेला असतो, त्यामुळे प्रत्येक उपलहर फार सावकाश बोलते. घुमट असलेल्या देवळात भराभर बोलले तर शब्द एकमेकांत मिसळतात; एकेक अक्षर लांबवून, मध्ये थांबून बोलले तर घुमणे आड येत नाही. तोच हा उपाय. याचा एक मोठा फायदा होतो: एकाच लहरीवर दोन-तीन मनोरे बोलू लागले तरी ते एकमेकांत लुडबूड करीत नाहीत, उलट साहाय्य करतात. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता अँटेनाकडे वळू. आपल्या परिचयाचा, माशाच्या काट्यासारखा अँटेना जपानमधील सेंडाई येथे शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांच्या संशोधनातून १९२६ च्या सुमारास निघाला. मधली दांडी लहर पकडते, मागची किंचित लांब दांडी ती परत पुढे ढकलते आणि पुढच्या आखूड दांड्या लहरीला वाट दाखवितात. दांडीची लांबी लहरीच्या निम्मी असावी लागते. ५०० मेगाहर्ट्झची लहर ६० सेंटिमीटर लांब, तेव्हा दांडी सुमारे २८ सेंटिमीटर. जुन्या पाचव्या चॅनेलसाठीची दांडी ऐंशी सेंटिमीटरांच्या आसपास असे. म्हणून माळ्यावरचा जुना सांगाडा काढून पुन्हा नळावर चढविण्यात फारसा अर्थ नाही.

अँटेना बुलढाण्यात पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेला वळवून रोखावा. दांड्या जमिनीशी समांतर असाव्यात. तारेकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. चांगल्या प्रतीच्या तारेतही तीस मीटरांत निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाते. म्हणून बूस्टर लावावयाचा तर वर अँटेनाजवळ लावावा, खाली संचाजवळ नव्हे. वाटेत दुधात पाणी शिरल्यावर खाली मोठे भांडे घेतले म्हणून दूध वाढत नाही. दूरचित्रवाणी संचात डिजिटल भू-प्रक्षेपण घेणारे ‘टी-टू’ जातीचे यंत्र असावे लागते. नसल्यास त्याचा वेगळा डबा घ्यावा. खर्च करण्यापूर्वी त्या मनोऱ्यावरून काय चालू आहे, हे दूरदर्शन केंद्राकडे विचारून घेणे शहाणपणाचे. आणि नळ उभारताना विजेच्या तारांपासून दूर राहावे, नळाला जमिनीत नीट अर्थिंग द्यावे. आपल्या पठारावर वळवाच्या पावसात वीज पडते, आणि घरातला सर्वांत उंच लोखंडी नळ तिला आधी सापडतो.

हिवाळ्याच्या पहाटे एखादा अनुभव आला तर आश्चर्य मानू नये. खाली गार हवा आणि तिच्यावर ऊबदार थर असा उलटा प्रकार झाला, की लहर त्या थराखाली कोंडली जाऊन पाटाच्या पाण्यासारखी दूरवर वाहत जाते. अशा वेळी दोन-तीनशे किलोमीटरांवरची केंद्रेही लागू शकतात आणि ऊन चढले की नाहीशी होतात. जगभर हौशी मंडळी अशा सकाळींची टिपणे ठेवतात. हौसेला ते ठीक; रोजच्या बातम्यांसाठी त्यावर विसंबता येणार नाही.

कोणी म्हणेल, डिश फुकट असता ही खटपट कशाला? नेहमीच्या दिवसांसाठी डिश उत्तमच, घाटाखाली तर तीच सोय. परंतु डिशची लहर फार आखूड, अडीच सेंटिमीटरांच्या आसपास, आणि मुसळधार पावसाचे थेंब तिला गिळतात. मनोऱ्याच्या अर्ध्या मीटरहून लांब लहरीला पाऊस जवळजवळ आडवीत नाही. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी होऊन पूर आला. अशा दिवशी बातमीची गरज सर्वांत अधिक, आणि डिशची परीक्षाही त्याच दिवशी.

यावर शास्त्राने उपाय देऊन ठेवला आहे. घाटाच्या धारेवर एक लहान सहप्रक्षेपक उभा राहिला तर तो घाटावरून लहर घेऊन खाली पूर्णेच्या खोऱ्यात सोडू शकेल, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याच लहरीवर बोलूनही मूळ केंद्राला त्रास देणार नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आकाशातील लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे असा निर्णय दिला. ज्या संपत्तीचे आपण भागीदार, तिचा वाटा घाटाखालच्या घरापर्यंत पोहोचतो की नाही हे विचारण्याचा अधिकार आपला आहे. तो प्रश्न योग्य ठिकाणी, आकडे हाती घेऊन, विचारला जावा. वर्गमुळाचा तो छोटा हिशेब त्यासाठीच इतका तपशिलाने मांडला.