काळी माती आणि शोषखड्डा

घरगुती सेप्टिक टाकीचे काम दोन टप्प्यांत होते आणि त्यातला मोठा टप्पा टाकीच्या बाहेर असतो. टाकीत मैलापाणी एक-दोन दिवस संथ राहते. जड भाग गाळ होऊन तळाशी बसतो, तेल-चरबीची साय वर धरते आणि प्राणवायूविना जगणारे जीवाणू गाळ हळूहळू कुजवत राहतात. टाकीतून बाहेर पडणारे पाणी दिसायला बरे असले, तरी त्यात निम्मी किंवा त्याहून जास्त सेंद्रिय घाण शिल्लक असते आणि रोगजंतूही असतात. ते शुद्ध होते शोषखड्ड्याभोवतीच्या जमिनीत. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा खेळती असेल तर तिथले सूक्ष्मजीव ही घाण खाऊन टाकतात आणि जंतू कणांना चिकटून तिथेच मरतात. म्हणून आराखड्याची सुरुवात जमिनीपासून व्हायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ठरीव मापाची टाकी बांधली जाते, उरलेल्या जागेत खड्डा खणून त्यात डबर भरतात आणि पहिल्याच पावसाळ्यात मोरी तुंबते.

दख्खनच्या पठारावर ही अडचण सगळ्यात जास्त काळ्या मातीत येते. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. त्याचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारते. माती फुगते, पोकळ्या मिटतात. वाळल्यावर तीच माती आक्रसते आणि हाताची मूठ आत जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याच्या या गुणावर रब्बीची ज्वारी कोरडवाहू रानातही तग धरते, पण शोषखड्ड्याला तोच गुण नडतो. न्हाणी-धुण्याच्या पाण्यातून येणारा साबण-सोड्यातला सोडियम मातीचे बारीक कण एकमेकांपासून सुटे करतो आणि ती आणखी चोपण होत जाते. त्याखेरीज सांडपाणी जिथे मातीला टेकते तिथे सूक्ष्मजीवांचा काळपट, बुळबुळीत थर धरतो. असा थर कोणत्याही जमिनीत धरतो. काळ्या मातीत मात्र मुळातच कमी असलेली वाट तो जवळजवळ बंद करतो.

जमीन किती पाणी पिते हे मोजायची पद्धत सोपी आहे. भारतीय मानक 2470 च्या दुसऱ्या भागात ती दिली आहे. पाणी मुरवण्यासाठी खणायच्या लांब चराच्या नियोजित खोलीपर्यंत 10 ते 30 सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घ्यायचा, बाजू खरवडायच्या, तळाला 5 सेंटिमीटर खडी टाकायची आणि पाणी भरून रात्रभर मुरू द्यायचे. दुसऱ्या दिवशी खडीवर 15 सेंटिमीटर पाणी ठेवून पातळी 25 मिलिमीटर खाली जायला किती मिनिटे लागतात ते काढायचे. यातला रात्रभर भिजवण्याचा भाग गाळला जातो आणि काळ्या मातीत नेमकी तिथेच फसगत होते. एप्रिलमध्ये कोरड्या खड्ड्यात ओतलेली बादली भेगांमधून क्षणात नाहीशी होते आणि जमीन उत्तम मुरते असे वाटते. भेगा मिटल्यावर त्याच खड्ड्यातले पाणी तासन्‌तास हलत नाही. जिथे भेगा खोल आहेत तिथे एक रात्रही अपुरी पडू शकते. दोन-तीन दिवस भिजवून, किंवा सरळ पावसाळ्याच्या अखेरीस केलेली चाचणी जास्त खरी.

या मिनिटांवरून जागेचा हिशेब निघतो. 204 ला मिनिटांच्या वर्गमुळाने भागले की एका चौरस मीटरवर रोज किती लिटर पाणी सोडता येईल ते कळते. पाच माणसांच्या घरातून रोज 500 लिटर पाणी निघते असे धरू. मुरण्याचा वेळ 10 मिनिटे असेल तर दर चौरस मीटरला सुमारे 65 लिटर, म्हणजे पावणेआठ चौरस मीटर क्षेत्र लागते. शोषखड्ड्यात तळ न धरता बाजूच्या भिंतीच मोजतात. तेव्हा सव्वा मीटर व्यासाचा आणि येणाऱ्या पाइपाखाली दोन मीटर खोल खड्डा पुरतो. वेळ 60 मिनिटांवर गेला की तोच आकडा 26 लिटरवर येतो आणि क्षेत्र 19 चौरस मीटर होते. 60 सेंटिमीटर रुंदीचा चर खणायचा तर 32 मीटर लांब! एका चराची लांबी 30 मीटरपेक्षा जास्त नसावी आणि दोन चरांत 1.8 मीटर अंतर असावे, असे मानक सांगते. 30 मिनिटांच्या पुढे शोषखड्डा नको, चर घ्यावेत. 60 मिनिटांच्या पुढे जमिनीत मुरवण्याचा नादच सोडावा. ओली काळी माती बहुधा या शेवटच्या गटात बसते.

यावर गावोगाव काढला जाणारा तोडगा म्हणजे काळी माती ओलांडून मुरमापर्यंत खाली जाणे. मुरूम पाणी घेतो हे खरे, पण त्याखाली चिरा पडलेला खडक असतो आणि विहिरीचे झरे त्याच थरांतून येतात. मातीत जे गाळले जायला हवे ते चिरांमधून न गाळताच दूरवर जाते. पिण्याच्या विहिरीपासून 18 मीटरचे किमान अंतर सांगणारे हेच मानक, चिरा असलेल्या खडकात मुरवण्याची शिफारसच करत नाही. खड्डा कधी तुंबत नाही म्हणून घरमालक निश्चिंत असतो, पण धोका तिथेच जास्त असतो. कोकणात आणि गोव्यात सच्छिद्र जांभ्यातही हेच घडते: पाणी झटपट जाते आणि खालच्या अंगाच्या विहिरीत उतरते.

त्यापेक्षा वर जाणे बरे. जमिनीवर वाळूचा उंचवटा रचून त्यात खडीचा थर आणि भोके पाडलेले पाइप घालतात, वरून मातीचे पांघरूण देऊन गवत लावतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात 1970 च्या दशकात या रचनेचा नेटका अभ्यास झाला. वाळूतून झिरपताना पाणी शुद्ध होते आणि मूळ जमिनीवर रुंद पसरून पोहोचते. त्याला जागा लागते, बहुधा पंपही लागतो. जागा कमी असेल तर टाकीला जोडून खडीची गाळणी बांधावी. तिच्यात पाणी तळातून शिरून वर चढते आणि खडीवर वाढलेले जीवाणू उरलेली बरीचशी घाण खातात. हे पाणी झाडांना देता येते. त्यात जंतू असतात, म्हणून ते पालेभाजीला देऊ नये. कोणताही मार्ग घेतला तरी पागोळ्यांचे आणि अंगणाचे पाणी या व्यवस्थेत शिरू देता कामा नये.

टाकीलाही फुगणाऱ्या मातीचा त्रास होतो. उन्हाळ्यात माती भिंतीपासून सुटते आणि आतल्या पाण्याचा दाब एकट्या भिंतीवर येतो. पावसाळ्यात फुगलेली माती तिला आत रेटते. विटांची भिंत अशा ये-जा करणाऱ्या दाबाने तडकते. म्हणून लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची टाकी, तिच्याभोवती वाळूचा किंवा न फुगणाऱ्या मुरमाचा भराव आणि भिंतीपाशी पाइपाला थोडी हालचाल करू देणारा सांधा घ्यावा. किमान माप 1000 लिटर, रुंदी 75 सेंटिमीटर आणि पाण्याची खोली एक मीटर. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. पाच माणसांना दीड मीटर लांबी पुरते, मात्र मग गाळ दरवर्षी काढावा लागतो. तो वेळेवर निघाला नाही तर पाण्याबरोबर बाहेर जाऊन चर आणि गाळणी दोन्ही बुजवतो. गाळ उपसायची वेळ उन्हाळ्यातली ठेवावी, कारण पावसाळ्यात भोवतालचे पाणी वर आलेले असताना रिकामी झालेली हलकी टाकी, विशेषतः प्लॅस्टिकची, उचलली जाऊ शकते. उपसा यंत्राच्या गाडीनेच करावा. टाकीत साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे.