तलवार टांगली, कॉफीचं दुकान टाकलं! ‘कोझी फँटसी’ म्हणजे नेमकं काय?

फँटसी म्हटलं की ड्रॅगन, युद्ध आणि सिंहासनासाठी मारामारी आलीच. पण नायिकेनं तलवार कायमची खुंटीला टांगून कॉफीचं दुकान टाकलं तर? अशा कथांना ‘कोझी फँटसी’ म्हणतात.

ऑडिओबुकचे निवेदक ट्रॅव्हिस बाल्ड्री यांनी ‘लेजंड्स अँड लाटेज’ २०२२ मध्ये स्वतःच प्रकाशित केली. पुढे ती ‘टॉर’नं घेतली आणि २०२३ मध्ये ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली. नायिका व्हिव ऑर्क आहे, म्हणजे एरवी खलनायकाच्या फौजेत मरायला उभी केलेली जमात. ती ज्या शहरात येते, तिथं कॉफी म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नाही. जागा, सुतारकाम, पहिलं गिऱ्हाईक यातच गोष्ट रंगते. हळूहळू सहकारी टँड्रीशी तिचं जुळतं. दोघी स्त्रिया आहेत, हा कथेतला प्रश्नच नाही! अशी जोडी दिसली की शोकांतिकेची तयारी ठेवायची सवय लागलेल्या वाचकाला इथं निवांत बसता येतं.

टीजे क्लून यांच्या ‘द हाऊस इन द सेरुलियन सी’मध्ये (२०२०) तर नायक चाळिशीचा सरकारी कर्मचारी आहे. जादुई मुलांचं अनाथालय चालू ठेवायचं की नाही, हे त्याच्या अहवालावर अवलंबून. नियमावली, शेरे, वरिष्ठांची भीती... हे ऑफिस आपल्याला फार परकं वाटत नाही. तपासणीला गेलेला हा माणूस अनाथालय चालवणाऱ्या आर्थरच्या प्रेमात पडतो.

रात्रपाळीत ब्रेकिंग न्यूज टाकून झाल्या की मी फोनवर व्हिवचं दुकान उघडतो. इंजिनीअर असल्यानं कॉफी मशीन येतं तो भाग दोनदा वाचलाय.