खारपाणपट्ट्याला ‘आरओ’शिवाय पर्याय आहे? समजून घ्या मीठ बाजूला ओढणारा पडदा

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव भागातल्या अनेक गावांत पाणी आहे, पण ते पिण्याजोगे नाही. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि घोटभर पाण्यानेही तहान भागत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा बुलढाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरला आहे. जमिनीखालच्या गाळाच्या जाड थरातच क्षार मुरलेले असल्याने बोअर खोल नेऊन उपयोग होत नाही.

पिण्याच्या पाण्यात प्रति लिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, असे भारतीय मानक सांगते. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले जाते. या पट्ट्यातल्या अनेक बोअरचे पाणी त्याही पलीकडे जाते. वान धरणावरील पाणीपुरवठा योजना आहे; पण नळ कोरडा पडला की गाव पुन्हा आरओच्या कॅनकडे वळते.

आरओमध्ये पंपाच्या दाबाने पाणी पडद्यातून ढकलले जाते आणि क्षार मागे राहतात. म्हणजे थोडेसे मीठ काढण्यासाठी सगळे पाणी गाळावे लागते. गावपातळीच्या यंत्रांत निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाणी वाया जाते. पाणीटंचाईच्या भागात हे परवडणारे नाही.

मग उलटे करता येईल का? पाणी जागेवर ठेवून मीठच बाहेर काढायचे? होय, आणि इथेच सल्फोनेटेड पॉलिमरचा पडदा कामाला येतो.

थर्माकोल ज्यापासून बनतो ते पॉलिस्टायरीन घ्या. गंधकाम्लासारख्या रसायनाची प्रक्रिया करून त्याच्या साखळीला सल्फोनिक आम्लाचे गट जोडले की प्लॅस्टिकचा स्वभावच बदलतो. ते पाणी धरू लागते आणि त्यावर ऋण विद्युतभार कायमचा बसतो. अशा पडद्यातून सोडियमसारखे धन कण पार होतात, क्लोराइडसारखे ऋण कण अडतात. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनर यंत्रातले पिवळसर मणी याच जातीचे असतात.

याच्या जोडीला उलट स्वभावाचा, म्हणजे धनभारित पडदा आलटून पालटून लावायचा आणि दोन्ही टोकांना वीज द्यायची. सोडियम एका बाजूला, क्लोराइड दुसऱ्या बाजूला सरकते. एका कप्प्यात गोडे पाणी उरते, शेजारच्या कप्प्यात खारट साचते. ही इलेक्ट्रोडायलिसिस पद्धत. जेवढे मीठ, तेवढीच वीज. त्यामुळे मध्यम खारट पाण्याला ती आरओपेक्षा स्वस्त पडू शकते आणि पाणीही बरेच कमी वाया जाते. समुद्राच्या पाण्याला मात्र आरओच बरा.

हाच पडदा गाडीही चालवतो, हे जरा गमतीचे आहे. हायड्रोजन फ्युएल सेलमध्ये तो फक्त प्रोटॉनला वाट देतो. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेने फिरून जावे लागते, तीच वीज. १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ५ यानातील फ्युएल सेलमध्ये सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनचा पडदा होता. पुढे ड्युपॉंट कंपनीचा नॅफिऑन आला, जास्त टिकाऊ पण महाग. पुण्यात २१ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी दाखवलेल्या हायड्रोजन बसमागेही प्रोटॉन वाहणाऱ्या पडद्याचेच तत्त्व आहे.

पाण्याच्या बाबतीतला धागा तर बुलढाण्याच्या शेजारीच सापडतो. जळगावची जैन इरिगेशन आणि अमेरिकेची एमआयटी यांच्या चमूने सौरऊर्जेवर चालणारे इलेक्ट्रोडायलिसिस यंत्र तयार केले. २०१५ मध्ये त्याला अमेरिकी सरकारच्या ‘डिसॅल प्राइझ’ स्पर्धेत १ लाख ४० हजार डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. यंत्राचा विचारच मुळी विजेचा भरवसा नसलेल्या भारतीय खेड्यांसाठी झाला होता. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेतही असे पडदे बनवण्याचे काम अनेक वर्षे सुरू आहे.

अडचणी आहेतच. पडद्यावर कॅल्शियमचा थर बसतो. तो सुटावा म्हणून विजेची दिशा ठरावीक वेळाने उलटवावी लागते. विद्युतभार नसलेली कीटकनाशके आणि जिवाणू या पद्धतीने निघत नाहीत, त्यांच्यासाठी कार्बन फिल्टर आणि क्लोरीन किंवा अतिनील दिवा वेगळा हवा. यंत्र सांभाळणारा माणूस गावातच हवा, नाहीतर ते महिन्याभरात कुलूपबंद होते.

आणि शेवटी थोडे अतिखारट पाणी उरतेच. ते नालीत सोडले तर झिरपून पुन्हा जमिनीतल्या पाण्यातच मिसळणार. त्यापेक्षा तळाला प्लॅस्टिक अंथरलेल्या उथळ टाक्यात साठवून वाळवणे सोपे. त्यासाठी लागणारे ऊन विदर्भात वर्षातले बरेच महिने फुकट मिळते.