थांबा आणि मुक्काम

ठाण्यातल्या खोपटच्या एसटी स्थानकात प्रवासी घेण्यापुरती थांबलेली गाडी आणि रात्री आगारात मुक्कामाला लागलेली गाडी, दोन्ही उभ्याच असतात. पण चालक त्यांना सारखे वागवत नाही. त्याच परिसरातल्या फोटो स्टुडिओत, सीएंच्या कार्यालयात आणि घराघरांत टेबलावर असलेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र हा साधा फरक विसरला जातो. कोणी ती वर्षभर फिरत ठेवतो, तर कोणी वीज वाचावी म्हणून काम थांबताच तिला झोपवू पाहतो. दोन्ही सवयी चुकीच्या आहेत. डिस्क रिकामी असताना थांबवावीच. पण तो खरोखर मुक्काम आहे, एवढी खात्री होईपर्यंत वाट पाहावी.

हे यंत्र काय करते ते पाहिले की कारण कळते. साडेतीन इंची डिस्कमधल्या चकत्या बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ७,२०० फेऱ्यांच्या चकतीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने धावते आणि वाचन-लेखन करणारे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरच वर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. एकसमान वेगात फिरताना या यंत्रणेवर ताण कमी असतो, कारण चकतीचा आसही तेलाच्या थरावर फिरतो. जास्त ताण येतो तो हेड उतरवताना-चढवताना आणि मोटर सुरू होताना. म्हणूनच निर्माते या दोन्ही क्रियांच्या मर्यादा वेगवेगळ्या सांगतात: अनेक डेस्कटॉप डिस्कसाठी हेड बाजूला घेण्याची मर्यादा सुमारे ३ लाख वेळा, तर मोटर सुरू-बंद करण्याची ५० हजार वेळा.

आता हिशेब मांडू. काही डिस्क अवघे ८ सेकंद काम नसले, तरी हेड बाजूला घेतात. संगणकाची पार्श्वभूमीतली कामे त्यांना वारंवार उठवत राहिली आणि हे मिनिटाला एकदाच घडले, तरी दिवसाला १,४४० खेपा होतात. ३ लाखांची मर्यादा २०८ दिवसांत संपते. मर्यादा ओलांडली की डिस्क त्याच दिवशी बंद पडते असे नाही, पण या झिजेतून वाचलेली वीज नगण्य असते. खरी बचत होते ती मोटर थांबल्यावर. साडेतीन इंची डिस्क रिकामी फिरताना साधारण ५ वॉट घेते आणि मोटर थांबल्यावर १ वॉटच्या आसपास. अर्ध्या तासाने मोटर थांबेल अशी व्यवस्था केली आणि दिवसातून १० वेळा ती पुन्हा सुरू झाली, तरी ५० हजारांची मर्यादा गाठायला १३ वर्षांहून अधिक काळ लागेल.

यावर आक्षेप येतो, की वर्षभर ५ वॉट म्हणजे जेमतेम ४४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी साडेचारशे रुपयांच्या आतच. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? रक्कम लहान आहे, हे मान्य. पण ती वीज शेवटी उष्णताच होते आणि पंखा नसलेल्या प्लास्टिकच्या डबीत, मे महिन्यातल्या ठाण्यात, ती बाहेर पडायला वाट नसते. दुसरा आक्षेप असा, की मोठ्या डेटा सेंटरमध्ये डिस्क सहसा थांबवत नाहीत. तिथे काम अखंड असते आणि हवा नियंत्रित असते. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यम तापमानाचा बिघाडाशी ठळक संबंध आढळला नाही, पण तो निष्कर्ष बंद डबीतल्या डिस्कला जसाच्या तसा लावता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: मग डिस्क काढून कपाटातच का ठेवू नये? वर्षातून चार वेळा लागणाऱ्या बॅकअपसाठी तेच योग्य. पण कोकणपट्टीचा पावसाळा विसरून चालणार नाही. डेटा सेंटरमधल्या डिस्कवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तापमानापेक्षाही दमटपणाचा बिघाडाशी जवळचा संबंध दिसला. १८९३ पासून ठाण्यात पुस्तके जपणाऱ्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेला ओल हा कागदाचा शत्रू आहे हे सांगावे लागत नाही. ती डिस्कच्या सर्किटचीही शत्रू आहे. त्यामुळे हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह डिस्क ठेवावी आणि तीन-चार महिन्यांनी चालवून फायली उघडतात का ते पाहावे.

रोजच्या वापरातल्या डिस्कसाठी मोटर थांबण्याची वेळ २० ते ३० मिनिटे ठेवा, डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींतला ‘लोड सायकल काउंट’ हा हेड बाजूला घेण्याच्या खेपांचा आकडा महिन्यातून एकदा पाहा, आणि वायर ओढण्याआधी संगणकातून डिस्क ‘इजेक्ट’ करा. एवढी काळजी घेऊनही कोणतीही डिस्क अमर होत नाही. म्हणून लग्नाचे फोटो असोत की हिशेबाच्या वह्या, त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या जागी आजच ठेवा.