दर मीटरला तेरा पक्षी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोक नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा. क्षेत्रफळ सुमारे ३,८०० चौरस किलोमीटर. आपल्या गोव्याचं ३,७०२. म्हणजे गोव्याला जेमतेम शंभर चौरस किलोमीटरची जोड दिली की झालं सफोक! समोर उत्तर समुद्र, काठाला दगडगोट्यांची पुळण, मागे वेताची दलदल आणि त्यामागे शेतं. डोंगर नाही, घाट नाही. पण १९६० च्या दशकातल्या तीन शरद ऋतूंत या सपाट जिल्ह्यात आभाळातून जे उतरलं, त्याची बेरीज करायला बसलं की शून्यं लिहिता लिहिता हात दुखतो. चला, आपण दोघं मिळून ती करू. सुरुवात करू एकापासून. अगदी शब्दशः एक!

२१ नोव्हेंबर १९६२. सफोकमधल्या हिंटन गावच्या शिवारात एक पक्षी दिसला. वाळूच्या रंगाची पाठ, लांब मान आणि मानेच्या दोन्ही अंगांनी खाली उतरणारा काळा पट्टा. हा मॅक्वीनचा होबारा. आपल्या नान्नजच्या माळरानावरच्या माळढोकाच्याच कुळातला, पण चणीनं पुष्कळ लहान, वजन दोन किलोच्या आसपास. याचं माहेर कझाकस्तानपासून मंगोलियापर्यंतची कोरडी मैदानं. थंडी पडली की हा खाली सरकतो आणि इराण, पाकिस्तान, राजस्थान, कच्छ गाठतो. म्हणजे या पक्ष्यानं यायचं होतं आपल्या बाजूला आणि हा पठ्ठ्या जाऊन पोचला इंग्लंडला!

किती अंतर? अरल समुद्राजवळच्या मैदानातून निघाला असं धरलं, तर सरळ रेषेत सुमारे ४,३०० किलोमीटर. राजधानी एक्स्प्रेसनं मुंबईहून दिल्लीला जा, परत मुंबईला या, पुन्हा दिल्लीला जा. झाले ४,१५० किलोमीटर. अजून पुरे पडत नाहीत! त्यावर एक मुंबई-पुणे जोडा, तेव्हा कुठे हिशेब जुळतो. आणि ही धाव माळावर चालत दाणे, किडे टिपणाऱ्या पक्ष्याची.

त्याच्या आधी हा पक्षी ब्रिटनमध्ये दिसला होता तो १८९८ साली. मधे चौसष्ट वर्षं गेली. चौसष्ट शरद ऋतू, साऱ्या ब्रिटनभर हजारो डोळे आभाळाकडे लागलेले आणि होबारा शून्य. मग एक आला आणि २९ डिसेंबरपर्यंत राहिला. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मोजले तर एकोणचाळीस दिवस. त्या वर्षी नाताळानंतर इंग्लंडवर जी हिमथंडी उतरली, तिच्यातला जानेवारी १९६३ हा तिथल्या विसाव्या शतकातला सर्वांत गार महिना ठरला. बर्फ साचायला लागलं आणि कच्छच्या वाटेचा हा पाहुणा दिसेनासा झाला.

एक झाला. आता तीनशे!

१९६८. सैबेरियात एका जातीच्या पाइन वृक्षाला बिया येतात आणि नटक्रॅकर नावाचा कावळ्याच्या कुळातला पक्षी त्या बियांवर जगतो. चॉकलेटी अंगावर पांढरे थेंब शिंपडल्यासारखा दिसणारा, पावणेदोनशे ग्रॅमचा पक्षी. बियांचा हंगाम बुडाला की त्याला घर सोडावं लागतं. त्या वर्षी हंगाम बुडाला. आणि एरवी वर्षानुवर्षं ज्याचं ब्रिटनमध्ये दर्शनही होत नाही, तो पक्षी ऑगस्टपासून एकामागून एक येऊ लागला. एका हंगामात तीनशेहून अधिक! त्यातले पुष्कळसे सफोक आणि शेजारच्या नॉरफोकमध्ये. माणसाची फारशी ओळख नसल्यामुळे लोकांच्या बागांत ते बिनधास्त वावरायचे.

उरल पर्वतापलीकडून इथवर सुमारे चार हजार किलोमीटर धरू. तीनशे पक्षी गुणिले चार हजार. बारा लाख किलोमीटर! विषुववृत्तावरून पृथ्वीला प्रदक्षिणा घातली तर चाळीस हजार किलोमीटर होतात. म्हणजे बियांचं एक पीक बुडालं आणि त्यापायी पृथ्वीला तीस प्रदक्षिणा घालून झाल्या.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या शेतकऱ्यांना चांगली ठाऊक असलेली भोरडी, म्हणजेच पळस मैना, हीसुद्धा सफोकच्या दुर्मिळ पाहुण्यांच्या यादीत आहे. मध्य आशियातून ती दर हिवाळ्यात आपल्याकडे येते. हजारोंनी येते, ज्वारीच्या कणसांवर तुटून पडते आणि तिला हाकलायला माळ्यावर गोफण घेऊन माणूस उभा करावा लागतो. तिचंच एखादं मातकट रंगाचं पिल्लू शरदात वाट चुकून उलट्या दिशेला जातं, सफोकच्या एखाद्या गावात सामान्य मैनांच्या घोळक्यात उतरतं आणि ते एकटं पोर बघायला माणसं शंभर-दोनशे किलोमीटर गाडी हाणत येतात. सोलापूरच्या शेतात जिची मोजदाद थव्यांनी होते, ती तिथे एक, दोन, तीन अशी मोजतात आणि तारखेसकट वहीत नोंदवतात. मला तर हा हिशेब फार आवडतो. ज्यांनी एकेक पक्षी इतक्या जिवापाड नोंदवला, त्यांनीच पुढचा लाखांचा आकडा मांडला आहे, आणि म्हणून त्यावर विश्वास बसतो.

तर आता लाखांकडे.

३ सप्टेंबर १९६५, शुक्रवार. आदल्या रात्री स्कँडिनेव्हियात आभाळ निरभ्र. तिथली उन्हाळी पाखरं आफ्रिकेकडे निघायच्या बेतात होतीच. निघाली. पुढे उत्तर समुद्रावर पूर्वेचा वारा, खाली उतरलेले ढग आणि मुसळधार पाऊस. ना तारे दिसत, ना किनारा. वारा ढकलेल तिकडे ढकलली गेली आणि दुपारी सफोकच्या किनाऱ्यावर आभाळ अक्षरशः सांडलं!

वॉल्बर्सविक गावाजवळ सुमारे दोन मैलांच्या पट्ट्यात पक्षिनिरीक्षकांनी जो अंदाज केला, तो ऐका. थिरथिरे १५,०००. रणगोजे ८,०००. काळे-पांढरे माशीमार ४,०००. बागेतले वटवटे ३,०००. या चार जातींचीच बेरीज तीस हजार! मानमोडी, शंकर आणि बाकीचे अजून धरलेच नाहीत. दोन मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटर, आपल्या मरीन ड्राइव्हपेक्षा कमीच. वानखेडे स्टेडियम गच्च भरलं की जवळपास तेवढी माणसं होतात. ते सगळं स्टेडियम उठवून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर ओळीनं बसवा, आणि प्रत्येक माणसाच्या जागी पक्षी. मीटरला नऊ!

थिरथिरा बघितला आहे ना? हिवाळ्यात आपल्या कुंपणावर येतो तो काळा थिरथिरा, हा त्याचा युरोपातला भाऊ. बसला की विटकरी शेपूट सतत थरथरत असते, क्षणभर थांबत नाही. त्या दिवशी एका गावाजवळ अशा पंधरा हजार शेपट्या एकाच वेळी थरथरत होत्या.

आणि हे झालं एका गावाचं. साइझवेलपासून हॉप्टनपर्यंतचा २४ मैलांचा किनारा धरला, तर उतरलेल्या पक्ष्यांचा अंदाज पाच लाखांवर जातो. हॉप्टन तेव्हा सफोकमध्येच होतं, १९७४ मध्ये ते नॉरफोकला जोडलं गेलं. पाच लाख! चोवीस मैल म्हणजे साडेअडतीस किलोमीटर. सीएसएमटीहून धीमी लोकल पकडा, भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, ठाणे, सगळं ओलांडा आणि मुंब्र्याच्या जरा अलीकडे थांबा. एवढ्या अंतरात पाच लाख पक्षी. भागाकार करा: मीटरला तेरा. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरची, म्हणजे एका लोकलच्या लांबीत सव्वातीन हजार पक्षी. अशा दीडशे लोकल एकीला एक टेकवून उभ्या करा आणि प्रत्येकीत सव्वातीन हजार पाखरं भरा, तेव्हा कुठे ही दुपार पुरी होते.

ती आली तरी किती वेगानं! चार तासांत उतरली असं धरलं, तरी सेकंदाला पस्तीस. हे वाक्य वाचून होईपर्यंत शंभर उतरली. लोवेस्टॉफ्ट शहरात तर रस्त्यावर, कुंपणावर, बागेत जागा मिळेल तिथे ती बसलीच, पण चालत्या माणसांच्या खांद्यांवरही येऊन बसली. रानातलं पाखरू, माणसाची सावली पडली तरी उडणारं, थकून थेट माणसाच्या खांद्यावर!

आता वजन करू. दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवा. साडेपंधरा ग्रॅम. तो झाला थिरथिरा, पिसं, हाडं, चोच, काळीज सगळं धरून. रणगोजा जरा भारी, पंचवीसेक ग्रॅम. माशीमार हलका, बारा-तेरा. सरासरी सतरा ग्रॅम धरा आणि पाच लाखांनी गुणा: साडेआठ टन. बस, एवढंच! साडेअडतीस किलोमीटरचं आभाळ व्यापून टाकणारी ती सगळी सेना वजनानं उसाच्या एका ट्रॉलीत मावते. मला तर वाटतं, इतक्या मोठ्या आकड्यांत सगळ्यांत जास्त चक्रावून टाकणारा हा लहान आकडाच आहे.

ही दोन नाण्यांची पाखरं आली कुठून? नॉर्वेचं दक्षिण टोक ते सफोक हे अंतर सुमारे ७४० किलोमीटर. एक्स्प्रेसवेनं मुंबई-पुणे धरलं तर पाच फेऱ्या. मधे फूड मॉल नाही, उतरायला फांदी नाही, खाली फक्त खारं पाणी. तासाला पन्नास किलोमीटरच्या वेगानं पंधरा तास सलग.

आणि इंधन? प्रवासाआधी पोटाखाली साठवलेली चरबी. या अंतरासाठी दोन ग्रॅम चरबी जळाली असं धरू. तेवढीच ऊर्जा पेट्रोलमधून काढायची तर पेट्रोल लागेल दोन मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे अर्धा चमचाही नाही. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी मोटरसायकल तेवढ्यात जाईल शंभर-सव्वाशे मीटर, गल्लीच्या तोंडापर्यंत. पाखरू त्याच ऊर्जेत ७४० किलोमीटर गेलं, तेही पावसात! याच हिशेबानं पाखराला लिटरभर पेट्रोलची ऊर्जा दिली तर ते सव्वातीन लाख किलोमीटर जाईल. सव्वा लिटर दिलं तर चंद्र ओलांडेल. सव्वा लिटरमध्ये चंद्र!

अजून एक गुणाकार राहिला आहे आणि तोच सगळ्यांचा बाप आहे.

पंख. एवढ्याशा पक्ष्याचे पंख उडताना सेकंदाला दहाहून अधिक वेळा वरखाली होतात. मधेमधे तो पंख मिटून क्षणभर तरंगतो, म्हणून आपण हात आखडून दहाच धरू. तासाला छत्तीस हजार. पंधरा तासांत पाच लाख चाळीस हजार. एका पाखराचे! आता पाच लाख पाखरं. पाच लाख गुणिले पाच लाख चाळीस हजार.

सत्तावीस हजार कोटी.

एका दुपारी एका जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जे उतरलं, त्याच्या मागे पंखांचे सत्तावीस हजार कोटी फटके होते. मोजायला बसा. सेकंदाला एक, जेवण नाही, झोप नाही. साडेआठ हजार वर्षं लागतील! मोहेंजोदडोच्या वैभवाच्याही चार हजार वर्षं आधी पहिला आकडा उच्चारला असता, तर आज कुठे मोजणी संपत आली असती.

आणि सफोक हा तर वाटेतला थांबा. पाऊस ओसरला, दलदलीतले किडे खाऊन पोटं भरली, पाखरं आत शेतांकडे पांगली आणि पुढे निघाली. जायचं होतं सहारा ओलांडून पश्चिम आफ्रिकेला. अजून साडेचार हजार किलोमीटर, झालेल्या प्रवासाच्या सहापट! सगळी पोचली असं धरा. सत्तावीस हजार कोटी गुणिले सहा, त्यात आधीचे सत्तावीस हजार कोटी. एक लाख एकोणनव्वद हजार कोटी फटके. सेकंदाला एक असं मोजत बसलं तर साठ हजार वर्षं!

हा झाला फक्त जाण्याचा हिशेब. वसंत ऋतूत त्यांना नॉर्वेला परत यायचं होतं.