दुसऱ्या मताचा हिशेब

निवडणुकीचे जुने निकाल वाचण्याचा मला नाद आहे. लोक रहस्यकथा वाचतात तसे मी मतांचे तक्ते वाचतो. त्यातला एक तक्ता मात्र किती वर्षे झाली तरी मिटत नाही: १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतला ‘मुंबई शहर उत्तर’. आठ उमेदवार, दोन जागा. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी १,४९,१३८. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता १,३९,७४१. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर १,३८,१३७. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १,२३,५७६. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे ९६,७५५. उरलेल्या तिघांची मिळून अडुसष्ट हजारांवर.

बाबासाहेब पडले हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोणाकडून पडले हेही ठाऊक आहे. आचार्य अत्र्यांच्या नावावर फिरणारे एक जळजळीत वाक्य ज्याला माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. पण तक्त्यातला दुसरा क्रमांक पाहा. अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षा १,६०४ मते जास्त आहेत आणि तरीही मेहता पडलेले आहेत.

हे द्विसदस्य मतदारसंघाचे गणित. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव, मतदार मात्र सगळे एकच. राखीव जागा आधी भरायची, म्हणजे अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून आला. मग उरलेल्या सगळ्यांत जो पुढे तो दुसऱ्या जागेवर. त्यामुळे मेहतांची लढत गांधींशी होती आणि ते ९,३९७ मतांनी हरले. बाबासाहेबांची लढत काजरोळकरांशी होती आणि ते १४,५६१ मतांनी हरले. याच गणिताने पुढे १९५७ मध्ये पार्वतीपुरममध्ये व्ही. व्ही. गिरींना घरी बसवले. तिथे तर दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांकडे गेल्या. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हरले, आणि १९६१ मध्ये संसदेने ही जोड-मतदारसंघांची पद्धतच मोडीत काढली.

आता १९५२ च्या जानेवारीत परळच्या एखाद्या मतदान केंद्रात जाऊ. मतदाराच्या बोटाला शाई लागली. त्याच्या हातात दोन कागद आले. एक रुपयाच्या नोटेएवढे, नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेले. त्यावर ना उमेदवाराचे नाव, ना शिक्का मारायची जागा. आडोशापलीकडे लोखंडी पेट्यांची रांग, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह: काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे वडाचे झाड, फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचे कणीस-विळा. (त्या निवडणुकीच्या लाखो पेट्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या.) खूण करायची नाही, लिहायचे नाही, कागद पेटीत टाकला की मत झाले. एकाच पक्षाच्या दोन पेट्या होत्या त्या फक्त काँग्रेसच्या. बाकीच्यांच्या मतदाराने दुसरा कागद कुठे टाकायचा?

कायद्याने याचे उत्तर दिलेले होते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६३ वे कलम सांगत होते की मतदाराला जागा तितकी मते, पण एका उमेदवाराला एकच. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर मोजणीत एक धरायचे, दुसरे बाद.

हा कायदा संसदेत मांडून मंजूर करून घेणारे कायदामंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

यातली खरी मेख कळायला पंधरा वर्षे मागे जावे लागते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यात राखीव जागांच्या मतदारसंघांत वेगळी पद्धत होती. मतदाराला जितकी मते तितकी सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात टाकण्याची मुभा होती. बाबासाहेबांचा या पद्धतीला पाठिंबा होता, आणि कारण उघड आहे: अल्पसंख्य समाजाला आपले सगळे बळ एका माणसामागे उभे करता येते. त्या वर्षी मुंबईत त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने उभे केले होते पळवणकर बाळू यांना, म्हणजे आपल्या काळचा हिंदुस्थानातला अव्वल डावखुरा फिरकी गोलंदाज. बाळू चर्मकार समाजाचे. एकेकाळी बाबासाहेबांनाच त्यांचे कौतुक होते. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. मते एकगठ्ठा देण्याच्या पद्धतीने बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला त्या निवडणुकीत मोठा हात दिला.

म्हणजे गिरणगावातल्या, बीआयटी चाळींमधल्या जाणत्या मतदाराला १९३७ मध्ये सगळी मते आपल्या माणसाला द्यायला शिकवले गेले, आणि १९५२ मध्ये तेच केले तर मत कुजणार होते. शिवाय १९५२ चा मतदार म्हणजे बहुतांशी प्रथमच मत देणारा, निरक्षर, रांगेत तासन्‌तास उभा राहिलेला माणूस. हत्तीच्या पेटीत दोन्ही कागद टाकून समाधानाने घरी गेलेले काही हजार लोक तरी असणार असे मला ठामपणे वाटते. खैरमोडे, कीर आणि त्यांच्या मागून आलेले चरित्रकार डांग्यांवर जितके बोट ठेवतात तितके या गोष्टीवर ठेवत नाहीत.

डांग्यांवर बोट ठेवायला कारण आहेच. कम्युनिस्टांनी त्या निवडणुकीत आपल्या मतदारांना उघड सांगितले की दोन्ही मते डांग्यांनाच द्या, दुसरे मत कुजले तरी चालेल. बाबासाहेब आणि अशोक मेहता या दोघांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली आणि दोन्ही विजयी उमेदवारांची निवड रद्द करा, अशी मागणी केली. त्यात एक आकडा होता: बाद झालेल्या ७४,३३३ मतांचा. वैध मते होती ७,१५,८८८. म्हणजे पेट्यांत पडलेल्या दर शंभर कागदांतले नऊहून जास्त वाया गेले. १४,५६१ च्या फरकापुढे हा ढिगारा पाचपट. याचिका टिकली नाही. गांधी आणि काजरोळकर पूर्ण पाच वर्षे लोकसभेत बसले.

डांग्यांचे आणि बाबासाहेबांचे वैर सरळ नव्हते. १९२८ च्या गिरणी संपात अस्पृश्यांना कापडखात्यात कामावर का घेत नाहीत, हा प्रश्न बाबासाहेबांनी विचारला आणि गिरणी कामगार युनियनच्या पुढाऱ्यांना तो झोंबला. ७ नोव्हेंबर १९३८ ला मात्र औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात दोघे एकाच बाजूला होते. १९५१ मध्ये फेडरेशनच्या जाहीरनाम्यात कम्युनिस्ट पक्षाशी युती करणार नाही असे स्पष्ट लिहिले गेले. हिंदू महासभा आणि संघाबरोबर कम्युनिस्टांचेही नाव त्या यादीत आले. परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या कम्युनिस्टांच्या कचेरीत ते काही गोड लागले नसणार.

तरीही कम्युनिस्टांचा त्या दिवशीचा खरा शत्रू आंबेडकर नव्हते, अशोक मेहता होते, असे माझे मत बनत चालले आहे. अवघ्या दीड वर्षापूर्वी, १९५० च्या ऑगस्टपासून, समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने गिरण्यांत दोन महिने चाललेला बोनसचा संप केला होता. लाल बावट्याच्या बालेकिल्ल्यात दुसऱ्याने संप पुकारावा आणि तो दोन महिने टिकावा, हे डांग्यांच्या पक्षाला खुपणारच. डांग्यांच्या मतदाराने दुसरा कागद कुठे टाकला असता? काँग्रेसच्या पेटीत तर नाही. वडाच्या झाडाखाली किंवा हत्तीखाली. तो कागद कुजवला की दोघेही आटोक्यात राहतात. बाबासाहेब या भांडणात सापडले.

आता ज्या हिशेबासाठी हा लेख लिहायला घेतला तो. समाजवादी आणि फेडरेशन यांची युती होती. वडाला मत दिले की दुसरे हत्तीला, असा प्रचार होता. युती पाळली गेली असती तर दोन्ही पेट्यांत साधारण सारखे कागद निघाले असते. निघाले मात्र १६,१६५ कमी, तेही हत्तीच्या पेटीत. वडाला मत देणाऱ्या निदान सोळा हजार मतदारांनी हत्तीकडे पाठ फिरवली. ते नेमके कोण हे कागदावर लिहिलेले नाही. पण दादर, माहीमकडचा समाजवादी मतदार कोण होता हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये. काँग्रेसच्या पेट्यांतही ११,००१ चा फरक आहे, तिथेही अनुसूचित जातीचा उमेदवार मागे आहे. फरक इतकाच की काँग्रेसला ती गळती परवडली.

गंमत म्हणा, क्रौर्य म्हणा: मेहतांना मत देणाऱ्या प्रत्येकाने दुसरे मत बाबासाहेबांना दिले असते तर त्यांची मते निदान १,३९,७४१ झाली असती आणि हा आकडा काजरोळकरांच्या वर जातो. डांगे, कुजलेली मते, याचिका हे सगळे बाजूला ठेवून, फक्त मित्रपक्षाच्या मतदाराने शब्द पाळला असता तरी बाबासाहेब निवडून आले असते. कुजलेल्या मतांवर याचिका करता येते. सुशिक्षित मतदाराने दुसरा कागद कुठे टाकला यावर कुठेच दाद मागता येत नाही. म्हणून डांगे सत्तर वर्षे आरोपी आहेत आणि हे सोळा हजार निर्दोष सुटले आहेत.

दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत तोच डाव पुन्हा मांडला गेला. जोड-मतदारसंघ, युती अशोक मेहतांशीच. संघाचे दत्तोपंत ठेंगडी तेव्हा तिथे काम करत होते. त्यांनी नंतर सांगितलेली आठवण अशी की फेडरेशनच्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना गळ घातली: आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगू, तरच तुम्ही निघाल. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. हरलो तरी चालेल, मत वाया घालवायला सांगणार नाही. मुंबईत ज्या गोष्टीविरुद्ध याचिका केली तीच भंडाऱ्यात कशी करणार! मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून जास्त मतांनी हरले.

आणि काजरोळकर? त्यांना आपण अत्र्यांच्या नावावरच्या त्या वाक्यातल्या विनोदापुरते ठेवले आहे, आणि हे मला खटकते. तेही चर्मकार समाजाचे, म्हणजे १९३७ मध्ये बाळूंना उभे करताना काँग्रेसने जे गणित मांडले तेच पुन्हा मांडले होते. (हे गणित पक्के नव्हते. त्याच निवडणुकीत सोलापुरातून फेडरेशनचे पां. ना. राजभोज लोकसभेवर गेले, ते चर्मकारच.) पण काजरोळकरांच्या पुढच्या आयुष्यातली एक नोंद मी वाचली तेव्हा जागचा हललो नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी जी कारणे मांडली, त्यांत एक असे होते: घटनेच्या ३४० व्या कलमानुसार मागासवर्गीयांसाठी आयोग नेमायला हवा होता, सरकारने तो नेमला नाही. जानेवारी १९५३ मध्ये तो अखेर नेमला गेला, काकासाहेब कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली. त्याच्या सदस्यांत एक नाव आहे खासदार नारायण सदोबा काजरोळकर. २,३९९ मागास जातींची यादी देणारा, ज्याचा अहवाल पुढे पंचवीस वर्षे धूळ खात पडला, तोच हा आयोग. ज्या मागणीसाठी एकाने मंत्रिपद सोडले तिच्या टेबलावर त्याला पाडणारा माणूस बसला. १९७० मध्ये काजरोळकरांना पद्मभूषण मिळाले. सामाजिक कार्यासाठी. विनोद सांगणाऱ्यांनी हेही सांगावे.

बाबासाहेब दरम्यान मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले होते. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले, आणि तीन महिन्यांत पुढची निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्राची लाट. मध्य मुंबईची नवी जोड-जागा संयुक्त महाराष्ट्र समितीने लढवली आणि दोन्ही जागा जिंकल्या. सर्वसाधारण जागेवर श्रीपाद अमृत डांगे. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. कणीस-विळा आणि हत्ती एकाच तिकिटावर! पाच वर्षांपूर्वी जे दुसरे मत कुजले ते या वेळी बिनबोभाट एकमेकांच्या पदरात पडले. त्या दिवशी मुंबईत मराठी मतदाराचा एकच प्रश्न होता आणि त्याने जात, पक्ष, वैर सगळे झाकून टाकले. १९६२ मध्ये मुंबई मिळालेली होती, लाट ओसरली होती. डांगे पडले, गांधी आणि काजरोळकर दोघेही लोकसभेत परतले.

मुंबईच्या निवडणुकांची पुढची दशके भरभर उलटू. कृष्ण मेनन, स. गो. बर्वे, १९७० चे कृष्णा देसाईंचे खूनप्रकरण आणि परळची पोटनिवडणूक, गिरण्यांचा संप, १९८४ चे दत्ता सामंत, मग शिवसेना. या सगळ्यात दोन नावांवर माझे बोट थांबते. १९५२ मध्ये मुंबई विधानसभेत फेडरेशनचे एकमेव आमदार निवडून आले ते बापू कांबळे. १९७७ मध्ये ते रिपब्लिकन म्हणून दक्षिण-मध्य मुंबईतून, खुल्या जागेवरून, लोकसभेवर गेले. १९८० मध्ये त्याच जागेवरून रा. रा. भोळे आले. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार झालेले, बाबासाहेबांचे जुने सहकारी. तिकीट काँग्रेसचे होते.

१९९८ मध्ये उत्तर-मध्य मुंबईत रामदास आठवले विरुद्ध शिवसेनेचे नारायण आठवले अशी लढत झाली. काँग्रेसचा पाठिंबा रामदास आठवल्यांना होता. त्या वर्षी महाराष्ट्रात प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि आठवले असे चार रिपब्लिकन खुल्या जागांवरून एकदम निवडून आले. काँग्रेसच्या मतदाराकडे तेव्हा एकच मत होते, आणि पुरेशा मतदारांनी ते मित्रपक्षाच्या उमेदवाराला दिले.